द्वारकाकाकूंचे सोमवार

आमच्या कॉलनीत चतुर्थी आज की उद्या असा घोळ झाला की कुणी कॅलेंडरकडे जात नसे. द्वारकाकाकूंच्या फाटकाशी उभं राहायचं आणि हाक मारायची. आतून उत्तर यायचं, "आज न्हाई, उद्या. चंद्र नवाच्या पुढं दिसंल." प्रदोष, एकादशी, अंगारकी, सगळं त्यांच्या बोटांच्या पेरांवर. एकदा त्यांचं आणि माझ्या कॅलेंडरचं जमेना. मी पडले शाळामास्तरीण, छापील अक्षरावर माझा फार विश्वास. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तशीच त्यांच्याकडे गेले. काकूंनी ते दोन्ही हातांनी धरून लांबून पाहिलं आणि परत देत म्हणाल्या, "चंद्र खोटं बोलत न्हाई बाई. छापणाऱ्याचा हात चुकू शकतो." छापणाऱ्याचा हात चुकलेला नव्हता. मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर उतरवून आणलं होतं. ही गोष्ट काकूंनी कुणालाही सांगितली नाही. दुसरी कुणी असती तर महिनाभर मला पाणी भरायला बाहेर पडता आलं नसतं.

हिंगोलीच्या बाहेर, बायपासच्या अलीकडे आमची कॉलनी आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिथे सोयाबीन उभं असायचं, मग प्लॉट पडले. मास्तर, कंपाउंडर, कंडक्टर, दुकानातले मुनीम अशी माणसं गाव सोडून पोरांच्या शिक्षणासाठी इथे येऊन राहिली. प्रत्येक घराला लोखंडी फाटक, फाटकाला रंग, दारात तुळस आणि एक मोटारसायकल. आपल्यात गरीब म्हणावं असं कुणी नाही, अशी आमची समजूत होती. उपासमार म्हणजे वीटभट्टीवरची, पालावरची, पेपरातली. ती रंग दिलेल्या फाटकाच्या आत राहत असेल हे आम्हाला कधी सुचलंच नाही.

काकू सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या. वाट्याला आलेल्या जमिनीच्या तुकड्यातला अर्धा विकून त्यांनी माझ्या घरासमोर दोन खोल्या बांधल्या होत्या. बाहेरून गिलावा, आतून विटा तशाच. नवरा गणपतराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दिवाळीपासून होळीपर्यंत काम असायचं. कापूस संपला की काम संपलं. पुढे मंगल कार्यालयात खुर्च्या उचल, कुणाच्या बांधकामावर राखण कर, असं मिळेल ते. त्यात कापसाची धूळ छातीत बसलेली, त्यामुळे तेही रोज जमेलच असं नाही. एकुलती एक लेक पूजा, मी सांगतेय त्या वर्षी अकरावी-बारावीला. तिला नर्स करायचं म्हणूनच सगळा संसार गावातून उचलून आणलेला.

काकू उंच होत्या, आणि किडकिडीत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावरून पदर, आणि हसताना आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. वयाने माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला 'अहो बाई' म्हणायच्या. शाळेतल्या बाईला अरे-तुरे करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मी त्यांना काकू म्हणायची, तेव्हा नात्याचा हिशोब काही जमत नव्हता, पण दोघींनाही त्याची तकलीफ नव्हती.

त्यांचे उपास म्हणजे कॉलनीचं कौतुक. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय चतुर्थ्या, एकादश्या, प्रदोष आणि मधूनच उपटणारी एखादी अमावास्या. मी त्यांना चिडवायची, "काकू, तेहतीस कोटी देवांचं वेळापत्रक तुमच्याकडेच दिलंय का?" तर खांदे हलायचे. "पोटाला सवय लावली का मंग ते बी ऐकतंय बाई. लेकरावानी असतंय. पहिल्यांदा लई रडतंय, मंग झोपतंय."

आणि उपास तरी कसा? आमच्यासारखा नाही. मी त्या वर्षी वजन उतरवण्यासाठी गुरुवार धरले होते. माझा गुरुवार म्हणजे शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर दही, दुपारी बटाट्याच्या चकत्या, संध्याकाळी भगर आणि दोन केळी. महिनाभरात माझं वजन एक किलोने वाढलं. काकूंचा उपास कोऱ्या चहावर. फार तर गुळाचा खडा. मी मनापासून म्हणायची, "काय तब्येत राखलीय तुम्ही! आम्ही पहाटे बायपासवर तंगड्या तोडत चालतो तरी काही होत नाही. मला तुमच्यासारखं व्हायचंय." हे मी एकदा नाही, दहादा म्हटलं असेल. काकू पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "नका व्हऊ बाई. तुमी हाय तशा बऱ्या." मी तो विनय समजले.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "घरातून रोज फोडणीचा वास भाहीर गेला पाहिजे. न्हाई तर शेजाऱ्याच्या मनात काहीबाही येतंय." आणि खरंच, रोज संध्याकाळी सात वाजता त्यांच्या खिडकीतून मोहरी-मिरचीचा असा खाट उठायचा की आमच्या ओट्यावर बसलेल्यांना ठसका लागायचा. मी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "काय बेत आज?" पलीकडून उत्तर यायचं, "तुमी सांगा आधी." मी माझा बेत सांगत बसायची, आणि त्यांचा काय ते विचारायचं राहून जायचं. हे असं सहा वर्षं चाललं. एवढी बोलकी बाई मी, पण एकदाही माझ्या लक्षात आलं नाही की काकूंनी आपला बेत कधी सांगितलेला नाही.

आमच्याकडे शेजारी एखादा पदार्थ दिला तर वाटी रिकामी परत येत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. मला करून घालायची हौस, आणि थोडं मिरवायचीही. धपाटे केले की वाटी समोर, पुरण केलं की वाटी समोर. काकू वाटी घ्यायच्या, पण नेहमी खळखळ करून. "अहो बाई, आज माझा उपास हाय." "पूजासाठी ठेवा." "बरं." दुसऱ्या दिवशी वाटी परत यायची. पावसाळ्यात तिच्यात चिवळ, घोळ, तरोट्याची कोवळी पानं. रिकाम्या प्लॉटांवर पहाटे फिरून काकू त्या खुडायच्या. एरवी त्यांच्या अंगणातल्या झाडाचा कढीपत्ता, नाहीतर दोन-चार चिंचा. मला वाटायचं, बाईला रानभाज्यांचा नाद आहे. मी त्यांना 'वैद्यबुवा' म्हणायची. आपण पाठवलेली प्रत्येक वाटी समोरच्या घराला परत काय द्यायचं या विचारात टाकते, हे कळायला मला फार उशीर झाला.

एकदा, साधारण तिसऱ्या वर्षी, मी त्यांना रेशनचं विचारलं होतं. शाळेत कुणाच्या तरी अर्जासाठी कार्ड लागत होतं, त्यावरून विषय निघाला. त्यांचं नाव गोरेगावच्या कार्डावर, दिराच्या कुटुंबात. धान्य तिकडेच उतरायचं आणि जाऊच घ्यायची.

"मग वेगळं कार्ड करून घ्या ना," मी म्हटलं. "मी अर्ज लिहून देते."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "कार्ड येगळं म्हंजे चूल येगळी. चूल येगळी म्हंजे घर फुटलं. सासरे मरताना ह्यांचा हात भावाच्या हातात देऊन गेले. आता चार किलो गव्हासाठी म्या घर फोडू का?"

"पण ते धान्य तुमच्या नावाचं आहे."

"नावाचं हाय. नाव तिथंच राहू द्या. दरसाली दीर गव्हाचं एक पोतं पाठवतो ना. काहून वंगाळ बोलायचं."

ते पोतं चैत्रात यायचं. गावच्या जीपच्या टपावरून नाक्यावर उतरायचं आणि गणपतराव ते सायकलवर आडवं टाकून, मधूनमधून थांबत घरी आणायचे. पोतं घरात आलं त्या दिवशी काकूंचा चेहरा बघण्यासारखा असायचा. त्या दिवशी कुठलाही वार असो, उपास नसायचा.

आता मला त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, ज्याबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेले नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. कॉलनीतल्या पंधरा-वीस बायका, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. सोमवार होता, त्यांनी फक्त पन्हं घेतलं. गप्पा उपासावर आल्या. मला मोजायची वाईट खोड. वर्गात पोरं मोजता मोजता लागलेली. दिवाळीनंतर काकूंनी सोळा सोमवार धरलेत असं त्या एकदा बोलल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात मोजत आले होते.

"काकू," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमचे सोळा कधीच झाले. आजचा तेविसावा. उद्यापन कधी?"

बायकांनी लगेच उचलून धरलं. शेवटच्या घरातल्या पाटीलवहिनी आमच्या भजनी मंडळाच्या पुढारी. त्या म्हणाल्या, "असं अर्धवट ठेवू नये बरं. व्रत घेतलं की उद्यापन पाहिजेच. नाहीतर केलेलं सगळं वाया." कुणी म्हणालं, सोळा जोडपी जेवू घालावी लागतात. कुणी म्हणालं, चुरम्याचा प्रसाद कणकेचाच हवा, तुपात. माझ्या अंगात उत्साह संचारला होता. एवढी तपश्चर्या केलेली बाई, तिचं कौतुक व्हायला नको? मी म्हटलं, "आपल्याच कॉलनीत सोळा जोडपी आहेत. बाहेर कुणाला शोधायला नको."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. रस्ता ओलांडताना समोरून अचानक गाडी आली की माणूस जसा बघतो, तसं काहीतरी होतं. मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावायची तसदी घेतली नाही.

"पुढच्या साली करावं म्हणते," त्या हळूच म्हणाल्या.

"अडचण असेल तर आम्ही सगळ्या मिळून करू की," पाटीलवहिनी म्हणाल्या. "प्रत्येकीने थोडं थोडं आणायचं."

हे शब्द पडले आणि काकू ताठ झाल्या. "अडचण काहून असंल? देवाचं हाय. करायचंच हाय. येत्या सोमवारी सगळे जण या."

त्या आठवड्यात गणपतराव सायकलवर अर्धं पोतं घेऊन चालले होते. मी ओट्यावरून विचारलं, "दळायला का?" ते "व्हय व्हय" म्हणाले आणि थांबले नाहीत. सायकल गिरणीकडे वळली नाही, किराणा दुकानाकडे वळली. गव्हाच्या बदल्यात तूप, गूळ आणि तेल आलं, हे मला पुढे कळलं.

उद्यापनाच्या दिवशी काकूंच्या अंगणात मांडव घातला होता. घरातल्याच दोन साड्या बांबूला बांधून केलेला. सोळा जोडपी, त्यांची लेकरं, दोन-चार पाहुणे, असे पन्नास-पंचावन्न जण जेवले. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात आणि चुरमा. तो चुरमा मी आजवर खाल्लेल्यांत सगळ्यात चांगला होता. मी दोनदा मागून घेतला. आमच्या घरच्यांनी, म्हणजे यजमानांनी, तीनदा. काकू नवीन पातळ नेसून पंगतीतून फिरत होत्या. "घ्या हो. लाजू नका. हे घ्या." प्रत्येकाच्या पानात आग्रह करून वाढत होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर तेज होतं. मी कितीही मागे वळून पाहिलं तरी ते तेज खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. वाढायचं सुख त्यांना मनापासून होतं. पूजा मात्र पुऱ्यांची परात घेऊन दारात उभी होती आणि आमच्या पानांकडे बघत होती. पोरगी दमली असेल, असं मी म्हणाले.

संध्याकाळी पाटीलवहिनींनी काकूंची ओटी भरली आणि सगळ्यांच्या वतीने म्हणाल्या, "कॉलनीत असं उद्यापन झालं नव्हतं." मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. बराबर होतं ते. माझ्यामुळेच झालं होतं.

ज्येष्ठ लागला तरी पाऊस नव्हता. कॉलनीत दोन दिवसांआड टँकर यायचा. अशाच एका सकाळी, दोन कळश्या घेऊन रांगेतून निघालेल्या काकू माझ्यापासून चार पावलांवर खाली बसल्या, आणि मग आडव्या झाल्या. कळश्यांचं पाणी रस्त्यावर गेलं. बायका धावल्या. "उपासानं चक्कर आली," कुणीतरी म्हणालं. "एवढं कडक करू नये या वयात." मी आणि आणखी एकीने त्यांना उचललं. उचलताना हाताला काही वजनच लागलं नाही. त्यांच्या घरी खाटेवर टाकलं. घरात कुणी नव्हतं; गणपतराव कामाच्या शोधात बाहेर पडलेले, पूजा कॉलेजात. दुसरी बाई डॉक्टरला फोन करायला बाहेर गेली आणि मी साखर-मिठाचं पाणी करावं म्हणून स्वयंपाकघरात शिरले.

फळीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने मांडलेले होते. राखेने घासून असे लख्ख केलेले की त्यांत माझं तोंड दिसत होतं. साखरेचा डबा कुठला ते मला माहीत नव्हतं, म्हणून पहिला उघडला. रिकामा. दुसरा उघडला. तिसरा. मी एकेक डबा खाली काढत गेले. आठ डबे होते. आतून धुऊन, पुसून कोरडे करून, झाकणं घट्ट लावून ठेवलेले. शेवटच्या छोट्या डबीत मोहरी होती, अर्धी, आणि शेजारी एका कागदात सात-आठ सुक्या मिरच्या. साखर नव्हती. तेलाच्या बुधल्यात तळाला बोटभर तेल. मी माझ्या घरी धावत जाऊन साखर आणली.

काकू सावरल्या तोवर पूजा कॉलेजातून आली. मी तिला बाहेर अंगणात घेतलं. मी तिची बाई नव्हते, पण आवाज वर्गातला लावला. "पूजा, घरात धान्य नाही?"

ती कढीपत्त्याच्या झाडाकडे बघत होती. "बाई, ते पोतं दिवाळीपर्यंतचं व्हतं," ती म्हणाली.

मी झाडापाशीच खाली बसले.

"बाबा आणतात तेवढ्यात, आई उपास करती म्हणून, आमचं दोघांचं भागतंय. आधी एकच सोमवार व्हता. मंग गुरुवार धरला. उद्यापन झाल्यापासून ती रोजच काहीतरी हाय म्हणती. बाबांना तिथी कळत न्हाईत. मला कळतात, पण काय बोलायचं?" मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "बाई, तुमचं ती ऐकंल. तिला सांगा ना, देवानं सोडलं म्हणून."

मी घरी आले आणि दार लावून रडले. मी पन्हं पीत, पाय पसरून, सगळ्यांसमोर त्यांचे सोमवार मोजले होते. उपाशी बाईकडून पन्नास माणसांना जेवू घातलं होतं आणि वर दोनदा चुरमा मागून घेतला होता. मला माफी मागायची होती, आणि मदतही करायची होती. दोन्ही गोष्टी निमूटपणे करता आल्या असत्या. मी तसं केलं नाही. मनावरचं ओझं सहन होईना म्हणून मी पाटीलवहिनींकडे गेले आणि 'कुणाला सांगू नका' असं बजावून त्यांना सगळं सांगितलं.

दोन दिवसांत काकूंच्या दारात वाट्या सुरू झाल्या. बायका वाईट नव्हत्या. खरंच कळवळल्या होत्या. कुणी आमटी, कुणी भाकरीची चवड, कुणी सरळ पिशवीभर तांदूळ. पण त्यांचा आवाज बदलला होता. ज्या बायका तिथी विचारायला काकूंच्या फाटकाशी अदबीने उभ्या राहायच्या, त्या आता फाटक ढकलून आत जायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "खाऊन घ्या हो काकू, उपास-बिपास बास झाले." काकू प्रत्येक वाटी घ्यायच्या. पाऊस नव्हता, त्यामुळे प्लॉटांवर हिरवं पान नव्हतं. प्रत्येक वाटी परत जाताना तिच्यात कढीपत्ता असायचा. चार-पाच दिवसांत ते झाड नुसत्या काड्यांचं राहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी काकू माझ्याकडे आल्या. आत बोलावलं तरी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. हातात माझी साखरेची वाटी होती.

"बाई, एक इचारू का?"

"काकू, आधी आत या. मला तुमच्याशी—"

"तुमी माझे डबे उघडले. त्याचं काही न्हाई. माझ्यासाठीच उघडले. पण उघडल्यावर झाकण लावायचं असतंय ना?"

मी लावली होती झाकणं. आठही. पण त्या कुठल्या झाकणाबद्दल बोलताहेत हे मला कळलं, आणि माझी मान खाली गेली.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "उद्यापनाचंही चुकलं. मला माहीत नव्हतं."

"तुमाला कसं माहीत असंल? म्याच कळू देत नव्हते." त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "भुकेचं एवढं काही न्हाई बाई. भूक झाकता येती. पण आता ह्यांना भाहीर पडायची चोरी झाली. पोरीला मैत्रिणी इचारू लागल्या. पोरगी कालपासून कॉलेजात गेली न्हाई. तिच्यासाठीच तर समदं व्हतं."

"मी बोलते पूजाशी. आणि काकू, रेशनचं वेगळं कार्ड करू आपण. मी स्वतः तहसीलला येते."

"निघते म्या," त्या म्हणाल्या. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. वाटी रिकामी होती. गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रिकामी वाटी परत केली. त्यात मला शिक्षा होती की आता देण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, हे मी ठरवू शकले नाही.

आषाढात त्यांनी घर सोडलं. दोन खोल्या एका कंपाउंडरला भाड्याने दिल्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना ओळखणारं कुणी नाही अशा वस्तीत एक खोली घेतली. टेंपोत सामान चढवताना मी मदतीला गेले. काकू माझ्याशी नीट बोलल्या. चहाला या म्हणाल्या. पत्ता मात्र सांगितला नाही. मीही विचारला नाही. विचारायचा हक्क आपण घालवलाय असं वाटलं. पूजाच्या हातात डब्यांचं पोतं होतं आणि ते एकमेकांवर आपटून वाजत होते. गणपतराव पुढे बसले, माझ्याकडे बघून हात जोडले. टेंपो बायपासला लागला. तेव्हापासून तिथीचा घोळ झाला की कॉलनीतल्या बायका मोबाइलमध्ये बघतात.

पुढे एकदा बाजारात कुणीतरी म्हणालं की पूजा नर्सिंगला लागली, नांदेडला असते. दुसऱ्या कुणी सांगितलं की ती नाही, दुसरी कुणी पूजा. मी चौकशी केली नाही. खरं सांगायचं तर मला ते खोटं ठरलेलं ऐकायची भीती वाटत होती.

गेल्या हनुमान जयंतीला आमच्या घरच्यांच्या मित्राने त्यांच्या भागातल्या मंदिरात महाप्रसादाला वाढायला बोलावलं होतं. ऊन मी म्हणत होतं. मंडपात चटयांच्या लांबच लांब ओळी, एका वेळी दोन-अडीचशे माणूस बसत होतं. डॉक्टरही होते, हमालही होते. माझ्याकडे वरणाची बादली दिली होती. दोन पंगती झाल्या. तिसरी बसली. बायकांच्या ओळीत वाढत मी निम्म्यापर्यंत आले आणि थांबले.

चार पत्रावळी सोडून पुढे द्वारकाकाकू बसल्या होत्या. केस पार पांढरे झालेले, खांद्याची हाडं पदरातून वर आलेली, कुंकू तेवढंच मोठं. शेजारी ओळखीचं कुणी नव्हतं. भात वाढणारा त्यांच्यापुढे आला तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "घाला. आणखी घाला." त्यांनी कोरडाच भात भाजीत कालवला आणि जेवू लागल्या. सहा वर्षं समोरासमोर राहून मी त्यांना जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं. त्या सावकाश जेवत होत्या, एकेक घास नीट चावून. शीत सांडलं तर बोटाने टिपून घेत होत्या.

मला त्यांच्यापाशी जाऊन बसायचं होतं. बादली खाली ठेवून त्यांचे पाय धरायचे होते. पूजा कुठे आहे, कार्ड झालं का, घरी काय शिजतं, सगळं विचारायचं होतं. पण मी चार पावलं पुढे गेले तर काय होईल हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या मान वर करतील, मला ओळखतील, हसतील. पत्रावळीवर आडवा हात धरतील. आणि पुढचा घास घेणार नाहीत.

मी वळले. माझ्यामागून येणाऱ्या वाढपी बाईच्या हातात बादली दिली. "त्या पांढऱ्या केसांच्या आजींना भरपूर वरण वाढा," मी म्हटलं, "आणि नको म्हणाल्या तरी पुन्हा जा." मग स्वयंपाकाच्या कढयांमागे जाऊन उभी राहिले. तिथून मंडपाची एक फट दिसत होती. बाईने वरण वाढलं. काकूंनी पत्रावळ थोडी पुढे सरकवली. आमच्या घरच्यांनी येऊन विचारलं, काय झालं, वाढायचं सोडून इथे काय करतेस. मी त्यांना हळू बोला म्हटलं, आणि पंगत उठेपर्यंत तिथून हलले नाही.